पिल्लू राखाडी आहे, सिल्व्हर लिहू का?

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे, नाव-गाव देत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पर्शियन मांजरी घेतली, विकणाऱ्याने 'सिल्व्हर आहे, रेअर आहे' म्हणून नेहमीपेक्षा बरेच जास्त पैसे घेतले. मांजरी राखाडी, अंगावर गडद पट्टे, कपाळावर एम काढल्यासारखी खूण, पट्ट्यांच्या मधला भाग बदामीसर. मैत्रिणीच्या 'गोल्डन' बोक्यापासून तिला सहा आठवड्यांपूर्वी चार पिल्लं झाली. दोन राखाडी पट्ट्यांची, एक काळं आणि त्यावर केशरी शिंतोडे, एक राखाडी आणि मधेमधे सायीच्या रंगाचे डाग. मैत्रीण म्हणते राखाडी पिल्लं 'सिल्व्हर' म्हणून टाक, डागवालं 'लायलॅक' म्हण, किंमत सरळ दुप्पट होते आणि सगळे असंच करतात. नवरा म्हणतो मांजर तेच आहे, नावाने काय फरक पडतो. तेवढ्यात एका बाईंनी मुलीच्या दहाव्या वाढदिवसासाठी 'सिल्व्हर फिमेल' म्हणून 5 हजार अॅडव्हान्स दिलाय, आणि मैत्रिणीने दोन राखाडीतलं जास्त चंदेरी दिसणारं पिल्लू मादी आहे असं सांगून त्यांच्या नावाने ठेवलंय. आता ताईंना शंका येतेय की आपली मांजरीच मुळात सिल्व्हर नाही. त्या विचारतात: पिल्लांचा रंग काय लिहू, त्या बाईंना काही सांगू का, आणि माझीच फसवणूक झाली असेल तर मी आता काय करू?

ताई, तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हा फक्त शब्दाचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा वाचलं आणि एकदम थांबले. कारण तुम्ही रंग इतके नीट लिहिलेत ना की फोटो न बघता मला एक गोष्ट सांगता येतेय. ते जे राखाडी पिल्लू 'सिल्व्हर फिमेल' म्हणून ठेवलंय, ते बहुतेक बोका आहे. म्हणजे रंगाच्या आधी लिंगाचाच घोळ आहे, आणि तो रंगावरूनच कळतोय, म्हणून आधी तेच सांगते.

मांजरांमधे केशरी रंगाचा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो. बोक्याकडे एक्स एकच, आणि तो आईकडून आलेला. मादीकडे दोन, एक आईचा एक बापाचा. तुमच्या मांजरीच्या अंगावर केशरी किंवा साय रंगाचा एक ठिपका नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ती कुठल्याच पिल्लाला केशरी देऊ शकत नाही. मग काळ्या पिल्लावरचं केशरी आलं कुठून? बापाकडून. आणि बाप आपला एक्स फक्त मुलींना देतो, मुलग्यांना नाही. म्हणून केशरी किंवा साय रंग मिसळलेली जी दोन आहेत त्या मुली, आणि निखळ राखाडी जे दोन आहेत ते मुलगे. दर मुलीला बापाचा तोच एक एक्स जातो, त्यामुळे या जोडीतून केशरी अजिबात नसलेली मुलगी व्हायला नको. कधीकधी केशरी अगदी नखाएवढं असतं, पायाच्या बोटावर किंवा हनुवटीखाली, म्हणून दोन्ही राखाडी पिल्लं उजेडात उलटीसुलटी करून बघा. आणि त्या दिवसांत तिची दुसऱ्या बोक्याशी गाठ पडली असेल तर एका वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात, मग हा हिशोब चुकेल. पण सहा आठवड्यांच्या पिल्लाचं लिंग व्हेट एका मिनिटात सांगतात. पर्शियनच्या फरमधे घरी बघताना चुकतं, मैत्रिणीचा यात दोष धरू नका.

याच हिशोबाने बापाचाही रंग कळतो. तो 'गोल्डन' नाही. पर्शियनमधला गोल्डन हा मुळात काळ्याच घराण्यातला रंग, केसाचं टोक काळं आणि खाली गरम जर्दाळूसारखी छटा, नाकाला आणि डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी कड, आणि डोळे हिरवे. तुम्ही लिहिलंय की त्याचं नाक गुलाबी आहे आणि डोळे तांब्याच्या भांड्यासारखे. असा बोका म्हणजे रेड. आपण त्याला लाल म्हणत नाही, केशरी नाहीतर पिवळा म्हणतो, पण ब्रीडवाल्यांच्या भाषेत तो रेडच. खरा गोल्डन असता तर तुमच्याकडे केशरी शिंतोड्यांची मुलगी जन्मालाच आली नसती. लेकीच्या अंगावर बापाचा रंग लिहिलेला असतो तो असा.

आता तुमच्या मांजरीकडे वळू, तुमचं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

सिल्व्हर हा राखाडीचा प्रकार नाही. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. राखाडी दिसणाऱ्या मांजराला जगभर ब्लू म्हणतात, तो काळ्याचाच फिका झालेला रंग, एक डायल्यूट नावाचा जीन आईबाप दोघांकडून आला की काळ्याचा ब्लू होतो, रेडचा क्रीम होतो, चॉकलेटचा लायलॅक होतो. सिल्व्हर ही वेगळीच गोष्ट. त्यात केसाच्या मुळाकडचा रंगच अडवला जातो, म्हणून मूळ पांढरं आणि रंग फक्त वर. काळ्यावर सिल्व्हर बसू शकतं, ब्लूवर बसू शकतं, रेडवरसुद्धा बसतं. म्हणून वरून कितीही बघा, उत्तर मिळत नाही, केस बाजूला करून मुळाशीच बघावं लागतं.

माझ्याकडे एक मांजरी आहे, ती आली तेव्हा आम्ही सगळे तिला काळीच म्हणायचो. चार महिन्यांची असताना एकदा खिडकीत बसून तिच्या मानेतली गुंत सोडवत होते, कंगव्याने केस दोन्हीकडे केले आणि खाली एकदम पांढरंशुभ्र दिसलं, बोटाचं अर्ध पेर भरेल इतकं. धनगराच्या काळ्या घोंगडीखालून पांढरं धोतर डोकवावं ना, अगदी तसं. ती ब्लॅक स्मोक निघाली. चालायला लागली की आता तिच्या अंगावर धूपछाव पैठणीसारखं हलतं, आणि गुपचूप बसली की परत काळी. स्मोक म्हणजे पट्टे नसलेल्या मांजरावरचं सिल्व्हर, पट्टे असतील तर तोच सिल्व्हर टॅबी, आणि रंग फक्त टोकाला उरला तर शेडेड किंवा चिंचिला. चिंचिलाच्या केसाचा साधारण आठवा भाग रंगीत असतो, बाकी सगळा पांढरा.

तुमच्या मांजरीचं तुम्ही लिहिलंय, पट्ट्यांच्या मधे बदामीसर. त्या एका शब्दाने निकाल लागल्यासारखाच आहे. सिल्व्हर टॅबीला पट्ट्यांच्या मधे चंदेरी पांढरं असतं, बदामी ऊब नसते. तरी आज दुपारी तिला दारात उजेडात घ्या, पाठीवर आणि कानामागे फुंकर मारा आणि मुळं बघा. राखाडी-बदामी दिसली की ती ब्लू टॅबी. मैत्रिणीकडे जाल तेव्हा बोक्याचीही मुळं अशीच बघून या, कारण पिल्लू सिल्व्हर व्हायला आईबापातलं एक तरी सिल्व्हर लागतं, ते दोन्हीकडे नसताना मधूनच उगवत नाही.

पण मग एक पिल्लू चंदेरी का दिसतंय? तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून गेलात की मांजरी गाभण असताना आठवडाभर तापाने पडून होती. ताई, त्याला फीवर कोटच म्हणतात. आईला ताप किंवा मोठा ताण आला की पोटातल्या पिल्लाच्या केसात रंग नीट उतरत नाही, ते चंदेरी-राखाडी लव घेऊन जन्माला येतं आणि पुढच्या काही महिन्यांत ती लव झडून खालून खरा रंग येतो. म्हणजे आज 'सिल्व्हर' म्हणून दिलेलं पिल्लू दिवाळीपर्यंत त्या मुलीच्या मांडीवर साधं ब्लू टॅबी झालेलं असेल. तुमच्याबाबतीत तीन वर्षांपूर्वी नेमकं काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण पिल्लाच्या लवेकडे बघून नाव द्यायचं आणि मोकळं व्हायचं हे बाजारात रोज चालतं, काही जण जाणून करतात आणि पुष्कळांना खरंच माहीत नसतं.

आता डागवालं पिल्लू लायलॅक आहे का? नाही. लायलॅक हा चॉकलेटचा फिका रंग, पर्शियनमधे चॉकलेट आणि लायलॅक मुळात आले तेच हिमालयनशी, म्हणजे कान-नाक-शेपूट गडद असणाऱ्या पर्शियनसारख्या मांजरांशी, केलेल्या संकरातून, आणि आजही कमीच दिसतात. राखाडी आणि साय एका अंगावर असेल तर ती ब्लू-क्रीम. काळं आणि केशरी असेल तर टॉर्टी, म्हणजे टॉर्टॉइजशेल. त्यात पांढरंही असेल तर कॅलिको. आपल्याकडे या सगळ्यांना मिळून कबरी म्हणतात, तिरंगी असेल तर तिरंगी, आणि मला तर तो शब्द फार आवडतो, पण कबरीत तीनचार वेगळ्या गोष्टी एकत्र होतात म्हणून विकताना तेवढा पुरत नाही.

मैत्रिणीने पुढच्या वेळी या टॉर्टीसारखाच 'सेम टू सेम पॅटर्न' काढून देईन असंही कुणाला कबूल केलंय म्हणे. तेवढं थांबवा. टॉर्टी मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक बंद पडतो, कुठल्या पेशीत कुठला ते पोटात असताना आपोआप ठरतं आणि डाग त्यावरूनच पडतात, मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी 1961 मधे हे मांडलं. 2001 च्या डिसेंबरमधे अमेरिकेत टेक्सासला रेनबो नावाच्या कॅलिको मांजरीचं क्लोन जन्माला आलं, जगातलं पहिलं क्लोन मांजर, नाव सीसी. जीन सगळे रेनबोचे, पण सीसीच्या अंगावर केशरीचा पत्ता नव्हता, ती तपकिरी पट्टे आणि पांढरी निघाली. क्लोनला जमलं नाही ते आपल्याला कसं जमणार?

तुम्ही लिहिलंय 'माझ्या मांजरीची किंमतच गेली असं वाटतंय'. इथे मला तुमच्याशी थोडं बोलायचंय. सिल्व्हर म्हणजे भारी आणि ब्लू टॅबी म्हणजे साधी, हे कुणी ठरवलं? 1871 मधे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला हॅरिसन वेअर यांनी मोठा कॅट शो भरवला, तिथून पुढे मांजरांचे रंग नाव देऊन, नियम लिहून बघायची पद्धत रुजली. तेव्हापासून आजपर्यंत त्या नियमांचा रोख एवढाच की जो रंग आहे तो किती स्वच्छ आणि ठसठशीत आहे. अमक्या रंगाला दुप्पट भाव असं कुठल्याही स्टँडर्डमधे लिहिलेलं नसतं. ब्लू पर्शियन तर व्हिक्टोरिया राणीने पाळलेल्या. रेअरची किंमत आपल्या बाजारात विकणाऱ्याने लावली आणि घेणाऱ्याने मानली, बस. तुमचे जास्तीचे पैसे गेले हे खरं आहे आणि त्याचा राग येणं अगदी बरोबर आहे, विकणाऱ्याला शांतपणे विचारा, जमलं तर बाकीच्यांना सावध करा. पण तीन वर्षं तुमच्या पायाशी झोपणाऱ्या मांजरीतून काहीही कमी झालेलं नाही.

आणि नवऱ्याचं म्हणणं, नावाने काय फरक पडतो. पाळायचं असेल तर खरंच पडत नाही. पण तुम्ही नावाचे पैसे घेणार असाल तर पडतो. शिवाय हीच पिल्लं उद्या कुणीतरी 'सिल्व्हर' आणि 'गोल्डन' समजून पुढे जुळवेल, त्यातून भलतंच निघेल, आणि मग तेही लोक पिल्लांना काहीतरी नाव ठोकून देतील. तुमची मांजरी अशाच साखळीतून तुमच्याकडे आलीय.

माझे आजोबा आटपाडीकडचे, खरसुंडीच्या यात्रेला दरवर्षी खिलार बघायला जायचे. तिथे नुसतं 'पांढरा बैल' म्हणून कुणी गप्प बसत नाही. हा कोसा, हा काजळी, तोंडावर सावळी झाक किती, पाठीमागे किती, शिंगं कशी, सगळं बोलून मग दात बघायचे. वर्णन ऐकून दुसऱ्या गावातला माणूस डोळ्यासमोर जनावर उभं करायचा. मांजराचं वर्णन लिहिताना मी हेच डोक्यात ठेवते, माझ्या शब्दांवरून समोरच्याला हे पिल्लू दहा पिल्लांतून ओळखता आलं पाहिजे.

तर लिहायचं कसं. आधी पायाभूत रंग: ब्लॅक, ब्लू, रेड, क्रीम, टॉर्टी, जो असेल तो. मग सिल्व्हर आहे की नाही, तेही मुळं बघितल्यावरच. मग पॅटर्न. बाजूला नागमोडी जाड वेटोळं असेल तर क्लासिक, माशाच्या काट्यासारख्या बारीक उभ्या रेषा असतील तर मॅकरल, ठिपके असतील तर स्पॉटेड, अंगावर काहीच नाही पण प्रत्येक केसावर पट्टे असतील तर टिक्ड. शेवटी पांढरं कुठे आणि किती. पांढरं फक्त पोट-पायाला असेल तर बायकलर, आणि रंग डोक्यावर आणि शेपटीवरच उरला असेल तर व्हॅन. युरोपातली फिफे ही मांजरांची संस्था तर हे सगळं कोडमधेच लिहिते, ब्लूला ए, काळ्याला एन, क्लासिक टॅबीला 22, म्हणजे तुमची मांजरी क्लासिक असेल तर 'ए 22' एवढ्यात हा कोड वाचणाऱ्या कुणालाही कळते. आपल्याला कोड नको, पण क्रम तोच धरला तर काही सुटत नाही. एक लक्षात ठेवा, रेड मांजराच्या अंगावर पुसट पट्टे दिसतातच, आणि ब्लू पिल्लाच्या अंगावर लहानपणी भुतासारखे पट्टे येऊन जातात. म्हणून सहा आठवड्यांच्या पिल्लापुढे 'आजच्या घडीला' हा शब्द लिहायला लाजू नका.

तुमच्या चौघांचं मी असं लिहिलं असतं: 'दोन ब्लू टॅबी, नर. एक ब्लॅक टॉर्टी, मादी. एक ब्लू-क्रीम, मादी. आई ब्लू टॅबी, बाप रेड, दोघेही बघता येतील. एका नराच्या अंगावर आत्ता चंदेरी लव आहे, ती जाईल. कागद नाहीत.' बास. आणि 'ट्रिपल कोट', म्हणजे फार दाट केस, वगैरे लिहू नका, त्याचा रंगाशी काही संबंध नाही. फोटो दिवसाउजेडी काढा, फिल्टर नको, ट्यूबलाइटखाली ब्लू मांजर फसवं चंदेरी दिसतं. एक फोटो केस बाजूला करून मुळांचाही टाका, जाणकार घेणारा तोच आधी मागतो.

ज्यांना पिल्लू घ्यायचंय त्यांच्यासाठीही दोन गोष्टी इथेच सांगते, कारण अशी पत्रं बरीच येतात. पांढरं पिल्लू म्हणून घेतलेलं महिन्याभरात कान-शेपूट-नाकाला गडद व्हायला लागलं तर घाबरू नका, ते हिमालयन आहे. त्यांच्यात रंग बनवणारं एन्झाइम अंग गार असेल तिथेच काम करतं, पोटातल्या उबेत पिल्लू पांढरंच राहतं आणि बाहेर आल्यावर गार टोकांना रंग चढतो, ऑपरेशनला पोटावरचे केस काढले तर कधीकधी तिथे नवीन केस गडद येतात. आणि शुभ्र पांढरं, दोन्ही डोळे निळे असं पिल्लू बघून भुलण्याआधी त्याच्या मागे, ते बघत नसताना, किल्ल्या वाजवून बघा. अशा मांजरांत बहिरेपणाचं प्रमाण खूप जास्त असतं. बहिरं पिल्लूही गोडच असतं, फक्त त्याला घराबाहेर सोडायचं नाही हे आधी कळलेलं बरं.

रंगापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं काही असेल तर ते पीकेडी, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. पर्शियनच्या मूत्रपिंडात गाठी होतात, आईबापातल्या एकाकडून दोष आला तरी पुरतो, 2004 मधे त्याचा जीन सापडला तेव्हापासून गालातून नुसता बोळा फिरवून डीएनए टेस्ट होते. तुम्हाला ज्या गोष्टीसाठी अभिमानाने जास्त पैसे मागता येतील ती ही आहे. 'आईबाप दोघांची पीकेडी टेस्ट केलीय, निगेटिव्ह आहे' असं लिहिता आलं तर ते कुठल्याही सिल्व्हरपेक्षा मोठं वाक्य आहे. टेस्ट झालेली नसेल तर पुढचं वेत घेऊच नका, आणि खरं विचाराल तर माझं मन म्हणतंय या पिल्लांनंतर तिचं ऑपरेशन करून टाका, गाभणपणात एवढी आजारी पडलीय ती.

राहिल्या अॅडव्हान्सवाल्या बाई. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. गप्प बसून पिल्लू देणं ही पहिली, ती दोन महिन्यांत उघडी पडेल, आणि तेव्हा त्या मुलीला पिल्लाचा लळा लागलेला असेल, आई परत करणार नाही, फक्त मनात कायमची अढी ठेवेल. हे कसं असतं ते तुम्ही स्वतः आत्ता अनुभवताय. दुसरी, काही न सांगता 'पिल्लू दगावलं' वगैरे कारण काढून पैसे परत करणं. तेही नको, चांगल्या घरी जाणारं पिल्लू उगाच अडकेल. तिसरी, आहे तसं सांगणं. मी हीच सांगेन. मैत्रिणीमार्फत नको, तुम्ही स्वतः फोन करा. म्हणावं, 'ताई, मी सिल्व्हर फिमेल म्हणून सांगितलं होतं, पण नीट बघितल्यावर कळलं की ते पिल्लू ब्लू टॅबी आहे आणि मेल आहे, माझीच चूक झाली. तुमचे 5 हजार आजच परत करते. मुलीला मादीच हवी असेल तर एक ब्लू-क्रीम आहे आणि एक काळी-केशरी टॉर्टी आहे, घरी येऊन चौघांशी खेळू दे तिला, मग ठरवा.' किंमत साध्या पर्शियनचीच सांगा. पैसे आधी परत करा आणि मग बोलावा, म्हणजे त्यांना अडकल्यासारखं वाटणार नाही. दहा वर्षांची मुलगी सहसा रंग बघून निवडत नाही, जे पिल्लू आधी मांडीवर येतं ते निवडते. वाढदिवस लवकर असला तरी पिल्लं पूर्ण बारा आठवड्यांची झाल्यावरच द्या, तोवर येऊन भेटू देत.

मैत्रीण थोडी रुसेल, तिच्या बोक्याला रेड म्हटलं तर जास्तच. तिला भांडण वाटेल असं काही बोलू नका, ती टॉर्टी पिल्लू तिच्या मांडीवर ठेवा आणि एक्सचा हिशोब सांगा, मी वर लिहिलाय तसाच. रेड पर्शियन हा फार देखणा रंग आहे, खोल तांबडा-केशरी असेल तर शोमधे लोक थांबून बघतात, हेही तिला आवर्जून सांगा.

फोनच्या आधी मात्र व्हेटकडे जाऊन या, चौघांचं लिंग कागदावर लिहून घ्या. आणि बारा आठवड्यांनी त्या चंदेरी लववाल्याच्या पाठीवरचे केस बाजूला करून एक फोटो मला पाठवा, मला बघायचंय.